सहाच्या खाली, कोणाच्या सांगण्यावरून?

"बटन कोणी दाबलं?" मनोहररावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मीच दाबलं जी," रामदासभाऊ तिसऱ्यांदा म्हणाले.

टेबलावर संत्र्यांचा एक क्रेट ठेवला होता. वरच्या संत्र्यांच्या सालीवर तपकिरी खड्डे पडले होते, कोणी पेटत्या उदबत्तीनं टोचावं तसे. टेबलामागे मनोहरराव, कोल्ड स्टोरेजचे मालक. त्यांच्या शेजारी, ऑफिसातल्या एकुलत्या गादीच्या खुर्चीवर, मोहगावचे बापूराव. संत्री बापूरावांची होती. बापूराव म्हणजे मनोहररावांचे व्याही, त्यांच्या मुलीचे सासरे. समोर रामदासभाऊ उभे. ते मशीन ऑपरेटर, वय बावन्न. आणि कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन मी.

"मॅडम, दाखवा त्यांना," मनोहरराव म्हणाले.

मी लॉग दाखवला. लॉग म्हणजे मशीननं स्वतःच ठेवलेली नोंद. कोणी, केव्हा, कुठलं बटण दाबलं, सगळं त्यात असतं. चेंबर तीन. तापमान सहावरून तीन अंश. वॉर्निंग दाखवली. ऑपरेटर रामदास यांनी 'हो' दाबलं. वॉर्निंग दिसणं आणि 'हो' दाबणं यांत एक सेकंद गेला होता.

"एक सेकंद," मनोहरराव बापूरावांकडे वळून म्हणाले. "वाचलंसुद्धा नाही."

बापूराव क्रेटमधलं एक संत्रं हातात घेऊन ते फिरवून बघत होते. मग मनोहररावांनी रामदासभाऊंना सांगितलं की महिनाअखेरपासून यायची गरज नाही. आवाज चढवला नाही. रामदासभाऊंनीही मान हलवली, जशी एखाद्यानं चहाला नाही म्हटल्यावर हलवतात.

मिहिर, तन्वी, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की आजी, रिटायर झाल्यावरही तू नेमकं करतेस काय. मी उत्तर द्यायच्या आत तुमच्या आईनं सांगून टाकलं, "कॉम्प्युटरचं काहीतरी." म्हणून हे लिहीत आहे. तुम्हांला मराठी सावकाश वाचावं लागतं, तेव्हा वाक्यं लहान ठेवते.

नागपूरला इंग्रजीत एम.ए. केल्यावर मी पुण्यात पंचवीस वर्षं मॅन्युअल लिहिली. मॅन्युअल म्हणजे मशीनबरोबर येणारं ते पुस्तक, जे कोणी वाचत नाही. त्यातून पुढे मी वॉर्निंग लिहू लागले. वॉर्निंग म्हणजे स्क्रीनवर येणारी ती ओळ, जी कोणी वाचत नाही. आमच्या धंद्यात याला बढती म्हणतात. पुण्याहून पांढुर्ण्याला परत आल्यावर नागपूरच्या एका लहान कंपनीनं मला पुन्हा कामाला लावलं. ते कोल्ड स्टोरेज चालवायचं सॉफ्टवेअर बनवतात. कंपनीचा मालक अभिजित, वय चाळीस, अत्यंत नम्र. मला वाकून नमस्कार करतो आणि माझी वाक्यं कापतो.

आता तांत्रिक भाग, थोडक्यात. कोल्ड स्टोरेजमध्ये मोठमोठ्या खोल्या असतात, त्यांना चेंबर म्हणतात. प्रत्येक चेंबर किती थंड ठेवायचं तो आकडा मशीनला द्यावा लागतो. त्याला सेट पॉइंट म्हणतात. आपल्याकडच्या संत्र्याला सहा अंशांच्या खाली नेऊ नये, असं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं आहे. ही झाली शिफारस केलेली किमान मर्यादा. त्याखाली बरेच दिवस ठेवलं तर संत्र्याला गारठा लागतो. गंमत अशी की चेंबरमध्ये असेपर्यंत ते सुंदर दिसतं. बाहेर काढल्यावर तीन-चार दिवसांनी सालीवर खड्डे पडतात. तोवर ट्रक बाजारात पोचलेला असतो.

मग सहाच्या खाली जाऊच देऊ नये, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण त्याच चेंबरमध्ये थंडीत मटार ठेवतात. त्याला एक अंश लागतो. आणि दुसरं कारण मनोहररावांनी सॉफ्टवेअर घेतानाच सांगितलं होतं. "माझ्याच मशीननं मले नाही म्हणायचं का?" म्हणजे एरर चालणार नव्हती. एरर अडवते. वॉर्निंग फक्त खाकरते.

मी खाकरून दिलं ते असं: 'आपण निवडलेले तापमान या मालासाठी शिफारस केलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी आहे. यामुळे मालाच्या गुणवत्तेवर विपरीत परिणाम होऊ शकतो. पुढे जायचे आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. पिवळी चौकट, उद्गारचिन्हाचा त्रिकोण. व्याकरण निर्दोष. नागपूरला सगळ्यांना फार आवडली. अभिजितनं तिचा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकात घातला.

त्या दिवशी मनोहररावांच्या कोल्ड स्टोरेजला, बोरगावला निघण्यापूर्वी त्याचा फोन आला होता. "मॅडम, वॉर्निंग दिसली होती ना? तेवढं लॉगमधून दाखवा आणि या. मग आपला विषय संपला."

विषय संपला होता, पण रामदासभाऊंचा. आणि तो माझ्या चौकटीनं संपवला होता. हे मला नीटनेटकं वाटलं नाही. मी मनोहररावांना म्हटलं, लेखी रिपोर्ट द्यायचा तर मला पूर्ण लॉग बघावा लागेल, उद्यापर्यंत थांबा. रिपोर्ट म्हटल्यावर ते थांबले. बापूराव दुसऱ्या दिवशीही येणार होते. लेकीच्या सासरच्यांसमोर सहीशिक्क्याचा कागद ठेवायला मिळाला तर बरंच.

लॉग उघडला आणि माझं डोकं फिरलं. माझी वॉर्निंग एकदाच नव्हे, दिवसाला पाच-सहा वेळा येत होती. कधी चेंबर दोन, कधी पाच. दर वेळी 'हो'. दर वेळी एक सेकंद. पण पुढची ओळ अजून विचित्र. सेट पॉइंट सहावरून चारवर जायचा आणि अर्ध्या तासात पुन्हा सहावर यायचा. पुन्हा कोण आणायचं? रामदास. महिनाभर असंच. फक्त चेंबर तीन तेवढं खाली गेलं होतं आणि अकरा दिवस वर आलं नव्हतं.

जो माणूस वाचत नाही तो विसरतोही. हा विसरत नव्हता. मग एकदाच का विसरला?

लॉगला विचारून उपयोग नव्हता. मी कंट्रोल रूममध्ये गेले. रामदासभाऊंनी प्लास्टिकची खुर्ची रुमालानं पुसून दिली.

"तुमीच लिवलं का जी ते? पिवळं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. थोडी घाबरतच म्हटलं.

"चांगलं लिवलं. मले पाठ हाये." आणि त्यांनी खरंच म्हणून दाखवलं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं, सरळ उभं राहून. 'विपरीत परिणाम' सुद्धा अडखळले नाहीत. जी वॉर्निंग त्यांनी वाचली नाही म्हणून त्यांची नोकरी जात होती, ती लिहिणारीपेक्षा त्यांना जास्त पाठ होती.

"सहाच्या खाली संत्र्याला गारठा लागतो, हे तुम्हांला माहीत होतं?"

"बावीस वर्षं झाली ना जी या लाइनमध्ये. तुमचं मशीन आलं त्याच्या पयले तं मी हातानंच वाल्व फिरवत होतो."

मग का, असं मी विचारलं. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. रामाकोन्याचे काका, एवढीच ओळख रामदासभाऊंनी करून दिली. पांढरी टोपी, सत्तरीचे, सूनबाईच्या स्कूटरवरून आलेले. त्यांची संत्री चेंबर दोनमध्ये होती. काकांनी चेंबरचं दार थोडं उघडून घेतलं, प्लास्टिकच्या पट्ट्यांमधून हात आत घातला आणि चेहरा पाडला.

"गरम लागून राहिलं, भाऊ."

दार उघडलं की बाहेरची ऊन हवा आत शिरते. दाराशी हात घातला तर कोमटच लागणार. आतले क्रेट गारच असतात. हे मी काकांना समजावून सांगितलं, मुद्देसूद. काकांनी आदरानं ऐकून घेतलं आणि रामदासभाऊंकडे वळले.

"शेजारच्याचं चारवर हाये म्हणतात. आपलंच सहावर काहून?"

"आता करून देतो ना काका," रामदासभाऊ म्हणाले. काकांच्या समोर त्यांनी स्क्रीनवर सहाचे चार केले. माझी पिवळी चौकट आली. 'हो'. दारावरच्या मोठ्या लाल आकड्यात चार उमटला. काकांनी पुन्हा हात आत घातला.

"हां. आता बरं हाये."

आतलं तापमान तेवढंच होतं. शेकडो क्रेट भरलेलं चेंबर एका मिनिटात काय, अर्ध्या तासातही जेमतेम हलतं. गार झाला होता तो आकडा. काका चहा प्यायले, माझ्याकडे तुमच्या आजोबांची चौकशी केली आणि समाधानानं गेले. स्कूटर फाटकाबाहेर पडल्यावर रामदासभाऊंनी चारचे सहा केले. मग स्विचबोर्डाला सुतळीनं बांधलेली एक छोटी वही ओढून तीत टिक केली.

ती वही मी मागितली. त्यांनी दिली, पण लगेच दिली नाही.

मुलांनो, माझ्या हाताखालून बरीच डिझाइनं गेली आहेत. इतकं चांगलं मी क्वचित बघितलं. तीन रकाने, पट्टीनं आखलेले. पहिला चेंबर. दुसरा कोण. तिसरा कुठपर्यंत. '२, रामाकोना काका, चहा होईपर्यंत.' '५, सरपंचाचे साळे, गाडी जाईपर्यंत.' '१, जोशी सर, लगेच, चष्मा नाही आणला.' प्रत्येक ओळीपुढे टिक. ज्याच्या त्याच्या मनासारखं करायचं, आणि मग संत्र्याच्या मनासारखं करायचं, आणि दोन्ही लक्षात राहावं म्हणून लिहून ठेवायचं. ही पद्धत त्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत होती आणि कोणाच्याच तोंडी नव्हती. दिवसातून सहा वेळा माझी वॉर्निंग त्यांना विचारायची, पुढे जायचं का. काका मागे उभे असताना 'नाही' हे बटण दाबता येतं, अशी माझी समजूत होती.

पानं मागे उलटली. एका ओळीपुढे टिक नव्हती. '३, मालक, सांगतील तेव्हा.'

"हे मनोहररावांनी सांगितलं होतं?"

रामदासभाऊंनी वही माझ्या हातातून अलगद घेतली आणि परत टांगली.

"इवाई उभे होते ना जी तिथं. इवाई म्हणले, गरम लागते. मालक म्हणले, रामदास, तीनवर कर, अन् मी सांगतो तोवर हात लावू नको."

"मग त्यांना पुन्हा विचारलं नाहीत?"

"दोनदा विचारलं. एकदा म्हणले, सांगतो. दुसऱ्यांदा म्हणले, सांगतो म्हणलं ना."

"मग आज सकाळी सांगायचं होतं."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू एम.ए. झालेल्या बाईनं बाराखडी विचारली.

"आजबी इवाईच बसले होते ना."

आमच्याकडे इवायांचा, म्हणजे व्याह्यांचा, मान म्हणजे काय, हे तुम्हांला तिकडे कळणं कठीण आहे. मुलगी त्यांच्या घरात असते. व्याही म्हणाले पाऊस पडतोय, तर छत्री उघडायची. त्यांच्यासमोर मालकाला खोटं पाडणं म्हणजे मालकाच्या लेकीला सासरी खाली बघायला लावणं, असा रामदासभाऊंचा हिशेब होता. त्या हिशेबात स्वतःची नोकरी त्यांनी धरलीच नव्हती. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण ठेवणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, पाहू. मग म्हणाले, "पण वही नका दाखवू, मॅडम. तुमाले सांगतलं ते सांगतलं."

मी शब्द दिला. दिल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे असलेला एकमेव पुरावा मी नुकताच टांगून ठेवला आहे.

परत येताना बोरगावहून पांढुर्ण्यापर्यंत तुमच्या आजोबांनी गाडी चालवली आणि मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू घरात दिलेल्या वॉर्निंगनाही मी हो म्हणतो. काही बिघडलंय का?" घरी पोचल्यावर जेवणाच्या टेबलावर कोरा कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले.

चूक कुठे होती ते आता दिसत होतं. मी रामदासभाऊंना जो प्रश्न विचारत होते त्याचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं. पुढे जायचं का, हे ठरवणारा माणूस स्क्रीनकडे तोंड करून बसलेलाच नसतो. तो मागे उभा असतो, चहा पीत. माझी चौकट त्याला काही विचारतच नव्हती. निर्णय एकाचा, 'हो' दुसऱ्याचं, आणि लॉगमध्ये नाव फक्त 'हो' म्हणणाऱ्याचं. अशी पद्धत मी स्वतः शुद्ध मराठीत तयार केली होती.

संध्याकाळपर्यंत कागदावर नवीन स्क्रीन तयार झाला. 'विपरीत परिणाम' काढून टाकला. वर एकच ओळ: 'संत्रं सहाच्या खाली खराब होतं.' त्याखाली: 'कोणाच्या सांगण्यावरून?' आणि पुढे रिकामी जागा. त्याखाली: 'किती वेळ? अर्धा तास, एक तास, दोन तास.' सगळ्यात खाली: 'वेळ संपली की मशीन स्वतः सहावर येईल.' मटाराच्या हंगामात माल बदलला की मर्यादाही बदलेल. 'हो' नावाचं बटण नाही. चोरी कुठून केली ते तुम्हांला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी तेच ऑफिस, त्याच खुर्च्या. क्रेटही तोच होता, त्याचा वास आता येऊ लागला होता. रामदासभाऊ पुन्हा उभे. मनोहरराव म्हणाले, "हां मॅडम, रिपोर्ट."

मी म्हटलं की रामदासभाऊंनी वॉर्निंग वाचली नाही, हे बरोबर नाही. त्यांना ती तोंडपाठ आहे. हवं तर विचारा. मनोहररावांनी विचारलं नाही, पण बापूरावांना उत्सुकता वाटली. "म्हणा पाहू," ते म्हणाले. रामदासभाऊंनी म्हटलं. अगदी 'पुढे जायचे आहे का' पर्यंत.

मग मी सांगितलं की चूक वॉर्निंगची आहे आणि वॉर्निंग माझी आहे. हे वाक्य अभिजितनं ऐकलं असतं तर नमस्कार न करताच कापलं असतं. ती चौकट दिवसातून इतक्या वेळा येते की ती बघून थांबणं शक्यच नाही, आणि ती भलत्याच माणसाला प्रश्न विचारते. कोणाचंही नाव मी घेतलं नाही. कागद टेबलावर ठेवला.

मनोहररावांनी तो वाचला. त्यांना आवडला. मनापासून आवडला, हे लिहिताना मला आजही थोडं वाईट वाटतं. "हे बरं केलं," ते बापूरावांना म्हणाले. "आता कोण जबाबदार ते साफ दिसंल. कोणी लपून राहणार नाही."

"मग एकदा भरून बघा," मी म्हटलं आणि पेन पुढे केलं. "चेंबर तीन घ्या. त्या दिवशीचंच."

त्यांनी पेन घेतलं. चेंबरपुढे तीन लिहिलं. 'कोणाच्या सांगण्यावरून' यापुढे त्यांनी 'रा' लिहिला.

"रामदासभाऊंचं नाव लॉगिनला येतंच," मी म्हटलं. "त्यांना कोणी सांगितलं, ते इथे लिहायचं."

पेन तिथेच राहिलं. बाहेर कॉम्प्रेसर चालू होता. रामदासभाऊ माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर आभाराची नव्हती. मनोहररावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी टोपण लावलं, काढलं. "तसं लक्षात नाही," असं काहीतरी ते म्हणायला लागले.

बापूरावांनी हातातलं संत्रं क्रेटमध्ये ठेवलं.

"लिवा ना, मनोहरराव. लाजता कायले? गरम लागते असं मीच म्हणलो होतो. तुमी माझा मान ठेवला. या माणसानं तुमचा ठेवला, काल अन् आजबी. उरलं फक्त संत्रं, त्याचा कोणीच नाही ठेवला." मग कागदाकडे वाकून त्यांनी मला विचारलं, "माझं नाव बसंल का याच्यात? का एकाचीच जागा हाये?"

जागा एकाचीच ठेवली होती. नंतर वाढवली.

मनोहररावांनी दोन्ही नावं लिहिली. अक्षर चांगलं आहे त्यांचं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. तसली पद्धत नाही. थोड्या वेळानं कागद घडी करत ते म्हणाले, "रामदास, चेंबर पाच पाहून ये. कॉम्प्रेसरचा आवाज वेगळा येऊन राहिला." आवाज रोजचाच होता. रामदासभाऊ बघायला गेले. महिनाअखेरीचा विषय त्यानंतर निघाला नाही, अजूनही निघालेला नाही.

फाटकाशी त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, काहीतरी बरं बोलतील.

"वही तं नाही दाखवली तुमी," ते म्हणाले. "पण वहीतलं काही ठेवलंबी नाही."

मी कबूल केलं.

नवा स्क्रीन दोन आठवड्यांत सुरू झाला. अभिजितनं आधी माझ्या 'चूक वॉर्निंगची' या वाक्याबद्दल मला अत्यंत नम्रपणे फैलावर घेतलं, आणि मग त्याच स्क्रीनचा फोटो माहितीपत्रकात घातला. मनोहररावांनी तो चार लोकांना दाखवला. स्वतः त्यांनी त्यानंतर एकाही चेंबरबद्दल तोंडी हुकूम दिलेला नाही. बापूराव येतात तेव्हा सरळ ऑफिसात बसतात, चेंबरकडे जात नाहीत. खराब संत्र्यांपैकी जी बरी होती त्यांचा रस झाला. तो मी प्यायले नाही.

माझा अंदाज असा होता की नाव लिहावं लागतं म्हटल्यावर लोक लाजतील आणि तापमान कमी करायला सांगणं बंद होईल. दोन महिन्यांनी लॉग मागवला. सेट पॉइंट पूर्वीइतक्याच वेळा खाली गेला होता, दिवसाला पाच-सहा वेळा. अर्ध्या तासात मशीननं तो स्वतः वर आणला होता, एकदाही न चुकता. आणि 'कोणाच्या सांगण्यावरून' या रकान्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नाव होतं. 'पांढुर्ण्याच्या मॅडम.'

मी फोन लावला. रामदासभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असं हाये जी," ते म्हणाले, "काकाचं नाव लिवलं तं काकाले राग येते. सरपंचाच्या साळ्याचं लिवलं तं सरपंचाले येते. तुमी पांढुर्ण्याले राहता. तुमचं नाव लिवलं तं कोणाले राग येत नाही."

"मला येऊ शकतो," मी म्हटलं.

"तुमचाच तं रकाना हाये," ते म्हणाले.

अभिजितचं म्हणणं, रकाना दुरुस्त करून घेऊ, नावांची ठरलेली यादी देऊ, तीत तुमचं नाव ठेवणार नाही. मी नको म्हटलं. इतकी वर्षं मी बटण दाबणाऱ्याचा विचार करून वॉर्निंग लिहिल्या, त्याच्या मागे कोण उभं आहे हे कधी बघितलं नाही. तेव्हा मागे उभ्या राहणाऱ्यांत निदान एक नाव माझं असायला हरकत नाही. चेंबरं सगळी सहावर आहेत. मशीनच्या नोंदीप्रमाणे मात्र या अख्ख्या जिल्ह्यात संत्री गारठवायचा सर्वांत मोठा हट्ट तुमची आजी धरते, तोही रोज, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

परवा बोरगावला पुन्हा जाणं झालं. चेंबर तीनचं दार उघडं होतं. पट्ट्यांमधून मी हात आत घातला. कारण काय आहे ते मला पक्कं माहीत आहे, वर मीच समजावून सांगितलं आहे. तरी खरं सांगते, गरम लागलं. रामदासभाऊ स्क्रीनजवळ उभे राहून माझ्याकडे बघत होते.

मी हात काढून घेतला आणि काही बोलले नाही.